कालयानाचे पहिले उड्डाण : एका दूरचित्रवाणी-भागाची घडण

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजेच बीबीसी, या लंडनच्या संस्थेच्या संग्रहात एकाच कथाभागाची दोन चित्रणे जतन करून ठेवलेली आहेत. कथा तीच, नट तेच आणि नेपथ्यही बहुतांशी तेच. पहिले चित्रण २७ सप्टेंबर १९६३ चे, तर दुसरे १८ ऑक्टोबर १९६३ चे; म्हणजे दोहोंमध्ये अवघ्या तीन आठवड्यांचे अंतर. दुसरे चित्रण २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाले आणि ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामाला सुरू झाली. पहिले मात्र वरिष्ठांनी पाहताक्षणी नाकारले होते. विज्ञानकथा पडद्यावर कशी घडते हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल, त्याला या दोन चित्रणांएवढे चांगले साधन क्वचितच मिळेल. कारण येथे यश आणि फसलेला प्रयत्न ही दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

कथा थोडक्यात अशी. लंडनच्या एका शाळेत सूझन नावाची पंधरा वर्षांची विद्यार्थिनी आहे. तिला काही विषयांत शिक्षकांहूनही अधिक कळते, तर काही अगदी साध्या गोष्टी ठाऊक नसतात. तिच्याविषयी कुतूहल आणि काळजी वाटून इयान हे विज्ञानशिक्षक आणि बार्बरा या इतिहासशिक्षिका एका संध्याकाळी तिच्या मागोमाग जातात, तो ती एका भंगाराच्या आवारात शिरते. तेथे पोलिसांची निळी पेटी उभी असते. त्या काळी ब्रिटनमधील रस्त्यांवर अशा कपाटवजा पेट्या सर्रास दिसत. त्यांतील टेलिफोनवरून कोणाही नागरिकास पोलिसांना बोलावता येई. शिक्षक दार ढकलून आत जातात, आणि बाहेरून जेमतेम दोन-चार माणसे मावतील अशा त्या पेटीच्या आत प्रशस्त, उजळ दालन निघते. ते असते कालयान, ‘टार्डिस’. सूझनचा तऱ्हेवाईक आजोबा त्या दोघांना बाहेर जाऊ न देता यान सुरू करतो, आणि सारेजण अश्मयुगात जाऊन पोहोचतात.

या मालिकेची कल्पना सिडनी न्यूमन या कॅनडातून आलेल्या नाट्यविभागप्रमुखांनी पुढे रेटली. शनिवारी सायंकाळी खेळांचा कार्यक्रम आणि तरुणांचा संगीतकार्यक्रम यांच्यामध्ये एक पोकळी होती, ती भरून काढावयाची होती. यान भूतकाळात गेले की मुलांना इतिहास कळावा, भविष्यकाळात किंवा परग्रहावर गेले की विज्ञान कळावे, अशी त्यांची योजना होती. प्रमुख पात्रांत एक शिक्षक विज्ञानाचा आणि एक इतिहासाची, यामागील कारण हेच. बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत, अशी त्यांची सक्त ताकीद होती. (ती फार काळ टिकली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘डॅलेक’ नावाची यंत्रकवचातील दुष्ट मंडळी पडद्यावर आली, आणि मालिकेला खरी लोकप्रियता मिळाली ती त्यांच्यामुळेच.)

निर्मितीची सूत्रे न्यूमन यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुणीकडे सोपविली. नेमणुकीच्या वेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या काळी दुसरी स्त्री-निर्माती नव्हती. दिग्दर्शक त्यांच्याहूनही लहान, २४ वर्षांचे. त्यांचे नाव वारिस हुसेन. भारतीय वाचकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. हुसेन यांचा जन्म १९३८ साली लखनौ येथे झाला आणि १९४६ साली ते कुटुंबासमवेत इंग्लंडला गेले. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन या इंग्रजीत लिहिणाऱ्या नामांकित लेखिका होत्या. पुढे १९९७ साली हुसेन यांनी मुंबईतील एका पारशी कुटुंबावर ‘सिक्स्थ हॅपीनेस’ हा चित्रपटही केला. एक तरुण स्त्री आणि एक भारतीय तरुण यांच्या हाती असे नवे, काहीसे विचित्र काम आल्याचे पाहून संस्थेतील जुन्या मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या, असे या दोघांनीही पुढे मुलाखतींतून सांगितले आहे.

त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी होती ती केवळ दिल्लीत, आणि तीही १९५९ पासून प्रायोगिक स्वरूपात; मुंबईचे केंद्र सुरू व्हावयास १९७२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तथापि एका बाबतीत भारत ब्रिटनच्या पुढे होता, आणि त्याचा संबंध नेमका या कथाभागाशी येतो. वर्गात सूझनला पौंडाचे शिलिंग किती हा हिशेब येत नाही. येथे दशमान चलन आहे अशी तिची समजूत असते; चूक ध्यानात येताच ती म्हणते की, दशमान पद्धती अजून सुरू झालेली नाही! वर्ग हसतो. ब्रिटनमध्ये दशमान चलन प्रत्यक्षात आले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. भारतात नवा पैसा १ एप्रिल १९५७ पासूनच चालू झालेला होता. म्हणजे लखनौस जन्मलेल्या दिग्दर्शकाने चित्रित केलेले ते ‘भविष्य’ त्याच्या जन्मभूमीत सहा वर्षे जुने झालेले होते.

कालयानाला पोलीस-पेटीचे रूप देण्याची कल्पना संहितालेखक अँथनी कोबर्न यांची. हे यान जेथे उतरेल तेथील परिसराला साजेसे रूप धारण करते, अशी मूळ योजना होती. पण दर खेपेस नवे रूप म्हणजे दर खेपेस नवा खर्च. तेव्हा यंत्रात बिघाड होऊन यान पेटीच्या रूपातच अडकून पडले, अशी तोड काढण्यात आली. पुढील साठ वर्षे ज्या निळ्या पेटीने जगभरच्या मुलांना वेड लावले, ती अशी काटकसरीतून जन्मास आली. आतील दालनाची रचना पीटर ब्राचॅकी या नेपथ्यकाराची. मध्यभागी षट्कोनी नियंत्रक-मंच, त्यात वरखाली होणारा पारदर्शक स्तंभ, आणि भिंतींवर ओळीने वर्तुळाकार खाचा. यंत्राचे गुंतागुंतीचे भाग कोठेच न दाखविता, सहा बाजूंच्या एका मंचावरून एकटा माणूस सारे यान चालवितो हे प्रेक्षकांस पटवून द्यावयाचे, हा त्यामागील विचार आजही चतुर वाटतो. त्यात अडचण एकच होती. हे नेपथ्य अवाढव्य आणि अवजड होते, आणि ज्या स्टुडिओत ते उभारावयाचे तो लहान होता.

तो स्टुडिओ लाइम ग्रोव्ह येथील ‘डी’ क्रमांकाचा. ती इमारत मुळात मूकचित्रपटांच्या काळातील चित्रपटनिर्मितीगृह; बीबीसीने ती १९४९ साली विकत घेतली होती. दिव्यांच्या उष्णतेने तेथे नटांचा जीव नकोसा होई. कॅमेरे जुन्या बनावटीचे आणि जड. दूरचे दृश्य सरकन् जवळ आणणारे भिंग त्यांस नव्हते. जवळून चेहरा हवा असेल तर कॅमेराच ढकलीत न्यावयाचा, आणि तेही दुसऱ्या कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेपात न येता. शाळा, मोटार, भंगाराचे आवार आणि कालयान ही सारी स्थळे एकाच छताखाली दाटीवाटीने मांडलेली असत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी दूरचित्रवाणीचा कार्यक्रम चित्रित होत असला, तरी वस्तुतः तो नाटकाच्या प्रयोगाप्रमाणेच सलग करावा लागे. चित्रमुद्रणाची चुंबकीय फीत दोन इंच रुंदीची असे. वेगाने फिरणाऱ्या चकतीवर बसविलेली चार चुंबकीय शीर्षे त्या फितीच्या रुंदीवर एकापुढे एक अशा अत्यंत बारीक रेषा ओढीत, आणि या रेषांमध्येच चित्र साठविलेले असे. पण त्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. फीत कापून जोडावयाची झाल्यास तिच्यावर लोहकण मिसळलेला द्रव लावून, सूक्ष्मदर्शकातून पाहून, दोन रेषांच्या नेमक्या मधोमध पाते चालवावे लागे. पाते किंचित चुकले तर जोडावर चित्र उसळी मारी. शिवाय फीत अतिशय महाग. ती पुसून पुन्हा वापरावयाची असे, आणि कापलेली फीत पुनर्वापरास निरुपयोगी ठरे. यास्तव सबंध भागात जोड अगदी मोजकेच असावेत असा दंडक होता. आठवडाभर तालमी, शुक्रवारी स्टुडिओत कॅमेऱ्यांसह रंगीत तालीम, आणि त्याच संध्याकाळी मुद्रण, असा क्रम. संगीत आणि इतर आवाजही त्याच वेळी वाजवून मिसळावयाचे. नटाची जीभ अडखळली तर ती तशीच जगापुढे जाण्याचा संभव फार.

या बंधनामुळे कथनाची तऱ्हाही ठरत गेली. मोटारीत बसून शिक्षक सूझनविषयी बोलत असता मध्ये वर्गातील आठवणी येतात. चित्रपटात अशा वेळी शिक्षकांना वर्गात उभे करून वेगळे चित्रण केले असते. येथे नट मोटारीतच बसलेले, आणि क्षणार्धात वर्गात पोहोचणे त्यांस अशक्य. म्हणून आठवणींत पडद्यावर दिसते ती सूझन. शिक्षकांचा केवळ आवाज ऐकू येतो. अडचणीवर शोधलेला हा उपाय कलेच्या दृष्टीनेही उपकारक ठरला आहे, कारण प्रेक्षक आपसूकच शिक्षकांच्या जागी जाऊन त्या मुलीकडे पाहू लागतो.

मालिकेच्या आरंभी काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाचे मेघ उफाळत पुढे येतात. ते पाहून कोणास वाटेल की, यासाठी काही विशेष रसायने वा धूर वापरला असावा. तसे काहीच नव्हते. केशकर्तनालयात समोरासमोर दोन आरसे असले म्हणजे प्रतिबिंबात प्रतिबिंब, अशी अंतहीन रांग दिसते. सभेत ध्वनिक्षेपक कर्ण्याजवळ गेला की, त्याचाच आवाज पुनः त्याच्यात शिरून कर्कश शीळ उठते. याला प्रतिभरण म्हणतात. बर्नार्ड लॉज या आरेखनकाराने १९६३ च्या ऑगस्टमध्ये या दोहोंचा जणू मेळ घातला. दूरचित्रवाणीचा कॅमेरा ज्या पडद्यावर स्वतःचेच चित्र दाखवीत असतो, त्याच पडद्याकडे त्याने तोंड केले. चित्र पडद्यावर, पडद्यावरून कॅमेऱ्यात, कॅमेऱ्यातून पुन्हा पडद्यावर. अशा फेऱ्यांत प्रकाशाचा क्षुल्लक ठिपकाही दर खेपेस थोडा पसरतो, थोडा विकृत होतो, आणि पाहता पाहता त्याचा ढग बनतो. लॉज यांनी मालिकेच्या नावाची अक्षरेही याच भोवऱ्यात सोडली. यानाच्या उड्डाणाच्या वेळी हेच मेघ नटांच्या चेहऱ्यांवर मिसळण्यात आले. म्हणजे काळातून होणारा प्रवास दाखविण्यासाठी जे वापरले, ते स्वतःकडेच टक लावून बसलेल्या एका कॅमेऱ्याचे चित्र होते.

संगीताची कथा याहूनही विलक्षण आहे. धून बांधली रॉन ग्रेनर या संगीतकाराने. त्यांनी दिलेले स्वरलेखन फार थोडके होते, आणि कोठे कोणता नाद हवा हे सांगण्यासाठी त्यांनी वारा, ढग, बुडबुडा अशा धर्तीचे शब्द योजले होते. वारा आणि ढग यांना स्वर देणारे वाद्य कोणते? ते काम बीबीसीच्या ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ या १९५८ साली स्थापन झालेल्या ध्वनिप्रयोगशाळेकडे आले, आणि तेथील डेलिया डार्बीशर यांनी ते अंगावर घेतले. केंब्रिज येथे त्यांनी गणित आणि संगीत या दोन्ही विषयांचा अभ्यास केलेला होता. त्यांच्या मदतीस होते डिक मिल्स.

कळ दाबताच हवा तो विद्युत-स्वर देणारी यंत्रे त्या वेळी बाजारात नव्हती. डार्बीशरबाईंपाशी होते ते असे : यंत्रांच्या तपासणीसाठी एकसुरी नाद काढणारे आंदोलक, केंद्र न लागलेल्या रेडिओतून येते तशी खरखर आणि तिच्यातील हवा तेवढाच भाग वेगळा काढणारी गाळणी, ध्वनिफितीची यंत्रे, दाढीचे पाते, आणि एक तार. ती तार छेडून तिचा झणत्कार मुद्रित केला. फितीचा वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक वर चढतो, निम्मा केला की एक सप्तक खाली येतो. मधले वेग साधले की मधले स्वर. अशा रीतीने एका झणत्कारातून खर्जातील सारी चाल काढली. धुनीतील प्रत्येक स्वर असा स्वतंत्रपणे घडवून, त्याच्या लांबीची फीत मोजून कापून, चिकटवावयाची. व्यावसायिक यंत्रांवर फीत सामान्यतः सेकंदाला १५ इंच या वेगाने सरके. त्या हिशेबाने पाव सेकंदाचा स्वर म्हणजे पावणेचार इंच फीत. तालाचा हिशेब फूटपट्टीने! गणित शिकलेल्या स्त्रीकडे हे काम आले हा सुखद योगायोग म्हटला पाहिजे.

अनेक आवाज एकाच फितीवर वेगवेगळे ठेवणारी यंत्रेही नव्हती. खर्ज, धून आणि वाऱ्याचा सूत्कार अशा निरनिराळ्या फिती निरनिराळ्या यंत्रांवर चढवून एकदम सुरू करावयाच्या आणि एकत्र मुद्रित करावयाच्या. एकदा कोठे तरी एक स्वर चुकला आहे असे जाणवले, पण तो सापडेना. तेव्हा त्यांनी फिती इमारतीच्या लांब व्हरांड्यात शेजारी शेजारी पसरल्या आणि जोडांच्या खुणा जुळतात की नाही हे चालत चालत पाहिले. चुकीचा तुकडा अशा रीतीने डोळ्यांनी पकडला गेला.

तयार झालेले संगीत ऐकून खुद्द ग्रेनर यांना, हे आपणच लिहिले होते काय, असा प्रश्न पडला. अर्धे श्रेय आणि मोबदला डार्बीशरबाईंना मिळावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांची नावे स्वतंत्रपणे जाहीर करावयाची नाहीत असा संस्थेचा रिवाज असल्यामुळे पडद्यावर ग्रेनर यांचे नाव आले आणि दुसरे केवळ प्रयोगशाळेचे. या अन्यायाचे परिमार्जन होण्यास पन्नास वर्षे लागली. २०१३ साली मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात डार्बीशर यांचे नाव प्रथमच पडद्यावर झळकले. तत्पूर्वी बारा वर्षे, २००१ साली, त्या निवर्तल्या होत्या.

यानाच्या उड्डाणाचा घरघराट त्यांचे सहकारी ब्रायन हॉजसन यांचा. एका मोडक्या पियानोच्या जाड, खर्जातील तारांवर त्यांनी आईच्या घराची किल्ली खरडली. तो आवाज मुद्रित करून त्याची गती बदलली, फीत उलटी चालविली आणि त्यावर प्रतिध्वनी चढविला. अवकाश आणि काळ फाटत असल्याचा भास देणारा तो सुप्रसिद्ध आवाज असा एका किल्लीतून निघाला.

२७ सप्टेंबरच्या संध्याकाळी ही सर्व सामग्री प्रथमच एकत्र आली. पूर्वार्ध बऱ्यापैकी पार पडला. कालयानातील उत्तरार्धात मात्र दुर्दैव आडवे आले. यानाचे रुंद दरवाजे नीट लागेनात. नट गंभीर संवाद म्हणत असता मागे ते आपोआप उघडत आणि आदळत. उत्तरार्ध पुन्हा करावा लागला, तरी समाधान होईना. कॅमेऱ्यांच्या हालचालींतही धक्के जाणवत होते. न्यूमन यांना हे दोष तर दिसलेच. पण त्यांचा मुख्य आक्षेप अधिक मूलगामी होता. आजोबा, म्हणजे ‘डॉक्टर’, अतिशय कडवट आणि धमकावणारा वाटतो, सूझनही फार परकी वाटते, आणि अशा माणसांबरोबर मुलांनी प्रवासास का निघावे? लॅम्बर्ट आणि हुसेन या दोघांना ते एका चिनी उपाहारगृहात जेवावयास घेऊन गेले आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की, वास्तविक दोघांनाही कामावरून दूर करावयास हवे; पण ते न करता संपूर्ण भाग नव्याने चित्रित करण्याची संधी आपण देत आहोत. एवढा खर्च झाल्यावर एक अख्खा भाग टाकून देण्याची परवानगी ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, आणि न्यूमन यांच्या या निर्णयाचे मोल त्यांच्या मूळ कल्पनेहून कमी नाही.

१८ ऑक्टोबरच्या चित्रणात काय बदलले? दरवाजे वळणावर आले होते. डॉक्टरची भूमिका करणारे ५५ वर्षांचे विल्यम हार्टनेल पहिल्या खेपेस साध्या आधुनिक पोषाखात होते. आता त्यांच्या अंगावर शतकाच्या आरंभीची घडण असलेले कपडे आले. स्वर मवाळ झाला. चिडण्याच्या जोडीस मिस्कीलपणा आला. कॅरोल ॲन फोर्ड या नटीची सूझनही परग्रहवासी कमी आणि शाळकरी मुलगी अधिक झाली. पहिल्या चित्रणात ती कागदावर शाईचा डाग पाडून त्यातून विचित्र आकृती काढते. दुसऱ्यात ती फ्रेंच राज्यक्रांतीवरील पुस्तक चाळते आणि ‘हे असे नव्हते’ अशा अर्थाचे उद्गार काढते. कथा पुढे सरकविण्याच्या दृष्टीने हा बदल कितीतरी सरस आहे. आणखी एक फेरफार वरवर किरकोळ, पण परिणामाने मोठा. पहिल्या खेपेस सूझन आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला असल्याचे सांगते. दुसऱ्या खेपेस ती एवढेच म्हणते की, आपला जन्म निराळ्या काळात, निराळ्या जगात झाला. नेमका आकडा गेला आणि गूढ राहिले. पुढील लेखकांना ते अनेक वर्षे पुरले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी, जग त्या धक्क्यात असताना, हा भाग नियोजित वेळेपेक्षा मिनिटभराहून थोड्या अधिक उशिराने प्रक्षेपित झाला. सुमारे ४४ लाख लोकांनी तो पाहिला. काही भागांत वीज गेल्यामुळेही अनेकांचा तो हुकला होता. म्हणून पुढील शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखविण्यात आला.

महागड्या फिती पुसून पुन्हा वापरण्याच्या रिवाजामुळे मालिकेचे त्या दशकातील अनेक भाग कायमचे नाहीसे झाले. जे वाचले ते मुख्यतः परदेशी विक्रीसाठी केलेल्या फिल्मप्रतींमुळे. नाकारलेले पहिले चित्रण मात्र टिकून राहिले, आणि २६ ऑगस्ट १९९१ रोजी, लाइम ग्रोव्ह बंद होण्याच्या निमित्ताने, बीबीसीने ते प्रथमच प्रेक्षकांना दाखविले. पुढे ती इमारतही पाडण्यात आली. त्या चित्रणाच्या मुळाबरहुकूम प्रतीत कालयानाचे दार मागे आदळत असल्याचा आवाज आजही स्पष्ट ऐकू येतो, आणि पुढे हार्टनेल आपले वाक्य न थांबता म्हणत राहतात.